चेटकीण मरायला तयार नाही

गोष्टीवालीचा स्टुडिओ म्हणजे तिच्या झोपायच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट. कपाट चांगलं ऐसपैस होतं, आत स्टूल टाकून माणूस बसेल एवढं. दोन्ही बाजूंना नवऱ्याचे लोकरीचे कोट, मागे घड्या घालून रचलेल्या रजया, पायाखाली गालिच्याचा एक तुकडा आणि समोर, हँगरच्या दांडीला बांधलेला मायक्रोफोन. कोटांत आणि रजयांत आवाज मुरतो, घुमत नाही. रस्त्यावरचा हॉर्नही आत येईपर्यंत दमून जातो. या कपाटात बसून ती मुलांसाठी परीकथा वाचायची. गोष्टी जुन्याच, कुणीतरी नव्याने सांगितलेल्या. राजकन्या, राक्षस, जंगलात हरवलेली भावंडं, नको तिथे तोंड उघडणारे प्राणी. एक कंपनी त्यांची ऑडिओबुकं काढायची आणि घरोघरची मुलं ती झोपायच्या आधी लावायची. इमारतीतल्या पोरांनी तिचं नाव गोष्टीवाली ठेवलं होतं आणि आता मोठी माणसंही तिला त्याच नावाने हाक मारत.

कामाचे तिचे काही नियम होते. वाचायला बसण्याआधी अर्धं सफरचंद खायचं, म्हणजे तोंड चिकट होत नाही आणि शब्दाशब्दाला चटचट वाजत नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही, कारण मायक्रोफोनला पोटातली गुरगुर आधी ऐकू येते आणि शब्द नंतर. आणि फ्रिज बंद करायचा, कारण त्याची घरघर भिंतीतून थेट राजवाड्यात शिरते. बंद केलेला फ्रिज पुन्हा चालू करायला ती हमखास विसरायची, म्हणून घराची किल्ली ती फ्रिजमध्येच ठेवायची. किल्ली घेतल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, आणि किल्ली घ्यायला गेलं की फ्रिजची आठवण होते. युक्ती तिला फार आवडायची. सासूबाईंना अजिबात आवडायची नाही.

"किल्ली गार आणि दूध गरम," सासूबाई म्हणत. "हे कुठलं घर म्हणायचं?"

सासूबाईंचं सगळं आयुष्य बस स्थानकावर, चौकशीच्या खिडकीत गेलं होतं. मध्ये काच असे, समोर गर्दी असे, मागे इंजिनं धडधडत असत, आणि तरी त्यांचा शब्द शेवटच्या बाकावर झोपलेल्या माणसापर्यंत पोचे. "गाडी गेली" हे दोन शब्द त्या अशा काही म्हणत की विचारणाऱ्याला वाटे, आपण लहानपणापासूनच चुकत आलोय. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज काही निवृत्त झाला नव्हता.

त्या सकाळी गोष्टीवाली सात कुलपांच्या राजकन्येची गोष्ट वाचत होती. एका चेटकिणीने राजकन्येला झोपडीत कोंडून दाराला सात कुलपं लावलीयत, अशी गोष्ट. गोष्टीवालीला सगळे आवाज जमत. राजकन्या जमे, तिचं हट्टी बदक जमे, गंजलेलं कुलूपसुद्धा जमे. जमत नव्हती ती चेटकीण. तोंडात रुमाल धरून बघितला, नाक दाबून बघितलं, खिदळून बघितलं. दर वेळी चेटकिणीच्या जागी सर्दी झालेली एक प्रेमळ मावशी बोले.

"राजकन्येने श्वास रोखून धरला," तिने वाचलं. "बाहेर पावलं वाजली. आणि दाराआडून आवाज आला..."

"कोण आहे आत?" कपाटाच्या दारावर थाप पडली. "मला माहितीय तू आत आहेस. मुकाट्याने बाहेर ये. दूध नासलंय, आणि आत्ताच सांगून ठेवते, ते सगळंच्या सगळं मी तुझ्या घशात ओतणार आहे."

गोष्टीवाली दचकून ओरडली, उठायला गेली आणि दांडीवर तिचं डोकं आपटलं. हँगर खणखणले. मग बराच वेळ दुधावरून बोलणी खाण्यात गेला, पुढचं वाचन घाईघाईत उरकलं, आणि मधला तो तुकडा कापून टाकायचं ती साफ विसरली. रेकॉर्डिंग आहे तसं कंपनीकडे गेलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीतल्या संपादिकेचा फोन आला. ही संपादिका वयाने लहान, बोलायला भराभरा, आणि कुठल्याही गोष्टीला 'छान' म्हणणारी. आज ती 'छान' म्हणाली नाही.

"ताई, चेटकीण कोण आहे?"

"कुठली चेटकीण?"

"ती दूधवाली. मी ऑफिसात एकटीच ऐकत होते, खुर्ची मागे घेतली मी. आणि राजकन्या काय ओरडते हो. तुम्ही इतकं खरं याआधी कधी ओरडला नाहीत. मागून कुलपांचा खणखणाट पण मस्त धरलाय."

"अगं, ते जरा..."

"गोष्टीत दूध नव्हतं, माहितीय मला. पण आम्ही ते ठेवतोय. लेखकाशी बोलले मी. तो म्हणाला, आपल्याला सुचायला हवं होतं. आता सगळी चेटकीण त्यांच्याकडूनच करून घ्या. कोण आहेत त्या?"

गोष्टीवालीने स्वयंपाकघराकडे बघितलं. सासूबाई फ्रिजचं दार उघडून, आत दिवा लागतोय की नाही याची खातरजमा करत होत्या.

"आहेत एक," ती म्हणाली. "घरच्याच."

आता हे सासूबाईंना सांगायचं कसं? 'आई, तुमचा आवाज ऐकून कंपनीला चेटकीण सापडली' असं सुनेने सासूच्या तोंडावर म्हणायला फार मोठी छाती लागते, आणि गोष्टीवालीची बेताची होती. तिने नवऱ्याला गाठलं. नवरा दातांचा डॉक्टर. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून त्याला स्वतःचं मिटून ठेवायची सवय लागलेली. त्याने सगळं ऐकून घेतलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "राजमाता आहे म्हणून सांग."

तिने तसं सांगितलं. सासूबाईंनी चष्मा चढवला, कागद हातभर लांब धरला आणि मोठ्याने वाचलं, "'तुझ्या वेणीचं दोरखंड वळीन आणि त्यानेच तुला खांबाला बांधीन.' राजमाता असं बोलते?"

"जुन्या काळची आहे ना, आई."

"'माझी नखं तुझ्या रक्ताला चटावलीयत.' ही राजमाता?"

"जरा तापट आहे."

सासूबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. "चेटकीण म्हण ना सरळ. आणि माझ्याशी बोलायची भीती वाटली तर नवऱ्याचा सल्ला कशाला घेतेस? त्याला माझी तुझ्यापेक्षा जास्त भीती वाटते." मग कागदांची नीट घडी घालून त्यांनी विचारलं, "कपाटात कधी बसायचं?"

कपाटात दोघी मावेनात. गुडघ्याला गुडघे लागले, आणि सासूबाईंनी पहिलं वाक्य म्हटलं तेव्हा रेकॉर्डिंगच्या यंत्रावरची आवाज मोजणारी पट्टी लालेलाल झाली. शेवटी गोष्टीवाली आत बसली, दार किलकिलं ठेवलं आणि चेटकिणीला बाहेर पलंगाशी उभं केलं. सासूबाईंनी सफरचंद अख्खं खाल्लं, कारण अर्ध्याने भागवणं हा त्यांना कद्रूपणा वाटला. हेडफोन त्यांनी अंबाडा मोडतो म्हणून नाकारले. पण एकदा सुरू झाल्या आणि गोष्टीवाली आतल्या आत शहारली. सासूबाई ओरडत नव्हत्याच. राजकन्येला सात कुलपांबद्दल त्या अगदी हळू, सावकाश समजावत होत्या, जणू ती परगावची आहे आणि तिची शेवटची गाडी निघून गेलीय. पलीकडच्या खोलीतून नवरा दारात येऊन उभा राहिला आणि तसाच परत गेला.

दोघींना मजा यायला लागली होती. बदकाचं भांडण तर सासूबाईंनी कागदाबाहेरचं केलं. चेटकिणीने बदकाला 'तुझं तिकीट दाखव' म्हटलं आणि बदकाला उत्तर सुचेना, कारण बदक करणारी सून कोटात तोंड खुपसून हसत होती.

मग शेवटचं पान आलं.

"राजकन्येने सातवं कुलूप उचलून विहिरीत फेकलं," गोष्टीवालीने वाचलं. "ते पकडायला चेटकीण वाकली, तिचा तोल गेला, आणि..."

इथे चेटकिणीची किंकाळी होती. किंकाळी काही आली नाही. गोष्टीवालीने दारातून डोकं बाहेर काढलं.

"आई, किंचाळायचंय."

"नाही."

"पाणी हवंय का?"

"पाणी नको. मी पडणार नाही विहिरीत."

"गोष्टीत पडते ती."

"गोष्टीत पडत असेल. मी का पडू? माझी विहीर आहे, रोज पाणी काढते. कठडा कुठे आहे ते मला ठाऊक नाही? एका कुलपासाठी आत उडी घ्यायला मी वेडी आहे का? अजून सहा आहेत की."

गोष्टीवालीने समजावून बघितलं. चेटकीण मरते, मग राजकन्या सुटते, मग मुलं खूश होतात. सासूबाईंनी हाताची घडी घातली.

"मग ती काय करते?" गोष्टीवालीने कंटाळून विचारलं.

"बहिणीकडे जाते. काही दिवस राहायला."

"चेटकिणीला बहीण आहे?"

"का, चेटकिणीला माणसं नसतात का?"

दुपार व्हायला आली होती, फ्रिज अजून बंद होता. गोष्टीवालीने हात टेकले. चेटकीण विहिरीच्या काठावर जरा थबकली, "जाऊ दे, मेलं" म्हणाली, आणि गाठोडं बांधून बहिणीकडे निघून गेली. संपादिकेने ते ऐकलं आणि हसून ठेवून दिलं. छान आहे, म्हणाली.

पुढच्या गोष्टीत उजाडताच चेटकिणीचा दगड व्हायचा होता. सासूबाईंची चेटकीण पहाटेच उठली, आणि सूर्य उगवला तेव्हा ती केव्हाच बहिणीकडे पोचली होती. त्यानंतरच्या गोष्टीत राजपुत्राने तिच्यावर कडा ढकलायचा होता. कडा ढकलला, खाली आदळला, धूळ बसल्यावर बघतात तर चेटकीण शेवटच्या गाडीने गेलेली. गोष्टी धडाधड ऐकल्या जात होत्या. खालच्या मजल्यावरची पोरं जिन्यात सासूबाई दिसल्या की भिंतीला चिकटून उभी राहत. सासूबाईही कुणाला निराश करत नसत. जाता जाता हळूच विचारत, "दूध प्यायलास का?"

आणि मग एक दिवस संपादिका स्वतःच घरी आली. आज ती भराभरा बोलत नव्हती.

"ताई, मुलं झोपत नाहीयेत."

"म्हणजे?"

"चेटकीण जिवंत आहे ना. बहिणीकडे आहे. कुठल्याही क्षणी परत येईल. मुलं आईबापांना विचारतात, बहीण कुठल्या गावात राहते? एका मुलीने बाबांना रोज दाराला खुर्ची लावायला लावलीय. आणि एक आई आमच्यावर जाम चिडलीय. तिचा मुलगा म्हणतो, शेजारी नवीन आलेल्या काकू म्हणजे तीच बहीण. त्यांच्या घरी साखर मागायलाही जात नाही." तिने चहाचा कप खाली ठेवला. "तिला मारायला पाहिजे."

ग्रंथालयाच्या मुलांच्या विभागात पुढच्या आठवड्यात जाहीर वाचन ठरलं होतं. मुलांसमोर सात कुलपांची राजकन्या वाचायची, त्यांच्या हसण्या-ओरडण्यासकट रेकॉर्ड करायची आणि जुन्या रेकॉर्डिंगच्या जागी ते लावायचं. त्यात चेटकीण विहिरीत पडलीच पाहिजे, असं संपादिकेने बजावलं. "नाहीतर मला दुसरी चेटकीण बघावी लागेल. नाटकात काम करणाऱ्या एक बाई आहेत. त्या कशातही पडायला तयार असतात."

हे सगळं बोलणं सासूबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतंच. "बघू दे दुसरी," एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाल्कनीत जाऊन कुंडीतली वाळकी पानं खुडत बसल्या. कुंडीत एकही पान वाळलेलं नव्हतं.

संध्याकाळी भांडी विसळताना गोष्टीवाली नवऱ्याजवळ कुरकुरली. "साधी एक किंकाळी रे. इतका कसला मानपान? नटी झाल्यात अगदी."

नवरा ताटं पुसत होता. एक ताट त्याने दोन्ही बाजूंनी पुसलं, पुन्हा पुसलं.

"मानपान नाहीये तो," तो म्हणाला. "गेल्या हिवाळ्यात तिचं ऑपरेशन झालं ना."

हृदयाची झडप बदलली होती. गोष्टीवालीला काय ते माहीत नव्हतं? तिनेच तर पथ्याचं सगळं केलं होतं.

"आत नेत होते तेव्हा तू खाली औषधं आणायला गेली होतीस," नवरा म्हणाला. "तिने माझा हात धरला. म्हणाली, परत आले तर हे पुन्हा करायचं नाही. मला वाटलं, ऑपरेशन. म्हटलं, नाही गं, पुन्हा नाही करावं लागणार. तर म्हणाली, ऑपरेशन नव्हे रे. मरायची तयारी. एकदा केली, पुरे झाली." त्याने ताट जागेवर ठेवलं. "तेव्हापासून त्याबद्दल एक अक्षर बोलली नाहीये."

इतकं एका दमात तो लग्नानंतर पहिल्यांदाच बोलला असेल. गोष्टीवालीने नळ बंद केला. कपाटाच्या दारातून डोकं काढून आपण सासूबाईंना किती वेळा 'किंचाळा ना, जोरात किंचाळा' म्हटलं, ते तिला आठवलं. सॉरी म्हणावं, तर सासूबाईंनी विचारलं असतं, कशाबद्दल, आणि मग नवऱ्याची काही धडगत नव्हती. त्यापेक्षा तिने दुसरं काहीतरी करायचं ठरवलं. संपादिकेला फोन करून सांगितलं, सगळं ठरल्याप्रमाणे होईल. आणि मग बसून गोष्टीचा शेवट पुन्हा लिहिला. त्यात चेटकीण बहिणीकडे कायमची राहायला जाते, घरही तिकडेच घेते, आणि परतीचा रस्ता पुरात वाहून जातो. मुलांना झोप लागेल आणि सासूबाईंना पडावं लागणार नाही. संपादिका चिडली असती, पण तोवर रेकॉर्डिंग होऊन गेलेलं असतं.

सासूबाईंच्या हातात तिने नवा कागद दिला तेव्हा त्यांनी तो वाचला, सुनेकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पूर बरा सुचला तुला."

ग्रंथालयातला मुलांचा विभाग म्हणजे बुटकी कपाटं, रंगीत सतरंज्या आणि गुडघ्याएवढ्या खुर्च्या. मुलं खचाखच भरली होती. आईबाप मागे भिंतीला टेकून उभे. संपादिका कोपऱ्यातल्या टेबलाशी, कानाला हेडफोन लावून बसली होती आणि तिने दोघींना अंगठा दाखवला. सासूबाईंना मोठी खुर्ची दिली होती. त्यांनी काळी शाल घेतली होती, आणि ती थंडीसाठी आहे असं त्या येताना तीनदा म्हणाल्या होत्या.

वाचन सुरेख चाललं. दाराआडून आवाज आला तेव्हा पहिल्या ओळीतली पोरं सरकत सरकत तिसऱ्या ओळीत गेली. दूध नासलं तेव्हा एक बापही दचकला. बदकाच्या तिकिटाला मुलं इतकी हसली की पुढचं वाक्य तीनदा म्हणावं लागलं. अशी मजल दरमजल करत गोष्ट विहिरीपाशी आली.

"राजकन्येने सातवं कुलूप विहिरीत फेकलं," गोष्टीवालीने वाचलं. "चेटकीण काठापर्यंत धावली. तिने आत वाकून बघितलं. मग ती म्हणाली..."

"जाऊ दे, मेलं," सासूबाई म्हणाल्या. "बहिणीकडे जाते मी."

कोपऱ्यात संपादिकेने डोळे मोठे केले. पण तिने काही करायच्या आधीच पुढून एक आवाज आला.

"नाही."

पिवळा रेनकोट घातलेली, पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी उभी राहिली होती. "नाही जायचं बहिणीकडे. विहिरीत पड."

"रस्ता वाहून जातो," गोष्टीवालीने घाईघाईने पुढची ओळ गाठली. "ती परत येऊच शकत नाही."

"पोहत येईल," एक मुलगा म्हणाला.

"झाडूवरून येईल," दुसरा म्हणाला. "तिला रस्ता कशाला लागतो?"

"विहिरीत टाका," मागून कुणीतरी म्हणालं, आणि बघता बघता सगळी सतरंजी एका सुरात म्हणायला लागली, "टाका, टाका, टाका." त्यांत चांगल्या घरची, इस्त्रीचे कपडे घातलेली, 'प्लीज' म्हणणारी मुलंही होती. भिंतीजवळचे आईबाप अवघडून एकमेकांकडे बघू लागले.

गोष्टीवालीचा धीर सुटला. तिने सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी हातातला कागद खाली ठेवला, चष्मा नाकावर नीट बसवला आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. मध्ये काच नव्हती एवढंच. बाकी चौकशीची खिडकी उघडली होती.

"ओरडायचं नाही," त्या म्हणाल्या. "रांग करा. एकेकाने यायचं आणि मला का टाकायचं ते सांगायचं."

रांग झाली. अशी सरळ रांग त्या ग्रंथालयाने कधी बघितली नसेल.

"तू तिला कोंडलंस," पहिला म्हणाला.

"जेवण देत होते. पुढे."

"तू तिची वेणी ओढलीस."

"तिने आधी माझी मांजर ओढली. सातव्या पानावर आहे. पुढे."

"तू वाईट आहेस."

"हे कारण नाही, हे मत आहे. पुढे."

एकेक जण हिरमुसून परत जात होता. शेवटी रेनकोटवाली आली. ती अगदी खुर्चीला लागून उभी राहिली आणि तिने आवाज खाली आणला, मोठ्या माणसाला समजावताना आणतात तसा.

"चेटकीणआजी, तू मर ना. त्याला काय होतंय?"

"तुझं काय जातंय म्हणायला? मरायचं मला आहे."

"पण उद्या आम्ही परत लावतो ना गोष्ट," ती म्हणाली. "पहिल्यापासून. मग तू परत असतेसच. आमच्याकडे राक्षस रोज मरतो. काल जेवायच्या आधी पण मेला होता."

सासूबाई किंचित पुढे वाकल्या.

"रोज?"

"हो. बहिणीकडे गेलीस ना, तर गोष्ट संपतच नाही. मग परत लावताच येत नाही."

सासूबाईंनी त्या मुलीकडे बघितलं, मग खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काही नव्हतं, एक माणूस सायकलला कुलूप लावत होता. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत बसल्या. गोष्टीवालीला वाटलं, आता आपण काहीतरी बोलावं, वाचन थांबवावं, आईंना घरी न्यावं.

"विहीर कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

मुलांनी लगेच सतरंजीच्या मधोमध जागा केली. सासूबाई खुर्चीतूनच त्या जागेवर वाकल्या. "माझं कुलूप," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी हात वर केले आणि अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरच्या वाचनालयात खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. संपादिकेने हेडफोन उपटून काढले.

मुलं आनंदाने टाळ्या वाजवायला लागली.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. "अजून पडतेच आहे. विहीर खोल आहे."

मुलं थांबली.

"पोचले. पाणी फार गार आहे. माझी एक चप्पल वर राहिलीय. टाका बरं खाली."

"नाही टाकणार," मुलं म्हणाली. एका कोवळ्या मनाच्या मुलाने मात्र स्वतःची टोपी टाकली.

"बुडते आहे," सासूबाई म्हणाल्या. "झाडू बहिणीला द्या. दूध गाळून घ्या. मांजर कोण घेतंय?"

बरेच हात वर झाले. त्यावर आईबापांपैकी काहींनी घाईने माना हलवल्या. सासूबाईंनी नीट बघून, चौकशी करून, मांजर एका शांत मुलीला दिली. मग राजकन्येला शिव्या दिल्या, बदकाची क्षमा मागितली, ती परत घेतली, घशातून बुडण्याचा एक लांबलचक गुडगुड आवाज काढला आणि मान मागे टाकली. शाल खांद्यावरून घसरली. एक हात खुर्चीबाहेर लोंबला.

कुणी हललं नाही. मुलं नाही, आईबाप नाहीत. गोष्टीवालीने वाट बघितली. सासूबाईंचा चेहरा पांढरा दिसत होता, की वरच्या दिव्यामुळे तसा वाटत होता? शालीखाली छाती हलतेय की नाही ते कळेना. कागद टाकून ती खुर्चीजवळ गेली, खाली वाकली आणि कुजबुजली, "आई?"

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. ओठही जेमतेमच हलले.

"मध्ये येऊ नकोस," त्या म्हणाल्या. "चांगलं चाललंय."

गोष्टीवाली मागे सरकली. तिला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, म्हणून तिने जमिनीवरचे कागद गोळा करायला सुरुवात केली आणि ते फार हळूहळू गोळा केले. मग उरलेली ओळ तिने तोंडपाठच म्हटली, चेटकीण मेली आणि राजकन्या घरी गेली.

मग रेनकोटवाली म्हणाली, "परत."

चेटकिणीने एक डोळा किलकिला केला. "आत्ता लगेच?"

ती नंतर पुन्हा मेली. मग डाव्या बाजूच्या मुलांना नीट दिसलं नव्हतं म्हणून त्यांच्याकडे तोंड करून मेली. ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली तेव्हा ग्रंथपालांनी घंटा वाजवली, आणि संपादिका घसा खाकरून म्हणाली, तिच्याकडे आता इतके मृत्यू झालेत की कुठला लावावा हेच तिला कळत नाही.

त्या दिवशी घरी परतल्यावर सासूबाईंनी पोटभर जेवण केलं आणि मुलाला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. तो घास हातात धरून बघत राहिला. "तू अशी बघू नकोस माझ्याकडे," मधेच त्या सुनेला म्हणाल्या. "मला कळलंय त्याने तुला काय सांगितलं ते. पूर तुला आपोआप सुचेल होय?" आणि पुन्हा विहिरीत पडल्या.

गोष्ट बाहेर आली. मुलं झोपायला लागली, शेजारच्या नव्या काकूंकडे साखर मागायला जायला लागली. काही घरांत म्हणे फक्त विहिरीचाच भाग लावतात. सासूबाईंनी उरलेल्या गोष्टींचे शेवटही मागवून घेतले. त्यांनी दगड होऊन दाखवलं, कड्याखाली चिरडून मरून दाखवलं. संपादिकेने 'छान' म्हणायचं सोडून 'पुरे' म्हणायला सुरुवात केली.

मग कंपनीकडून नवी गोष्ट आली. एका शिंप्याची बकरी ढगावर चढून बसते आणि तिला खाली यायचा रस्ता सापडत नाही. छोटी, हलकी, अगदी लहान मुलांसाठीची गोष्ट. सकाळी गोष्टीवालीने फ्रिज बंद केला, किल्ली आत ठेवली आणि कपाटात जाऊन बसली. सासूबाई अख्खं सफरचंद संपवून पलंगाशी येऊन उभ्या राहिल्या.

"यात मरतं कोण?"

"कुणीच नाही, आई. यात चेटकीण नाहीये. शिंपी आहे, ढग आहे आणि बकरी आहे. शेवटी ढगाचा पाऊस पडतो आणि बकरी पावसाबरोबर अलगद अंगणात उतरते."

"अलगद?"

"अलगद."

सासूबाईंनी कागद घेतला आणि सावकाश वाचला. "ढग किती उंच आहे ते लिहिलेलं नाही यात."

"आई, तीन वर्षांच्या मुलांसाठी आहे ती."

"ते ठीक आहे. बकरीचं वय काय?"

गोष्टीवालीने कोटांच्या मधून त्यांच्याकडे बघितलं. सासूबाई शाल घेऊन उभ्या होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर कमालीचा निरागसपणा होता. संपादिका काय म्हणेल, ते गोष्टीवालीला आत्ताच ऐकू येत होतं. तिने कानामागची पेन्सिल काढली, पहिल्या ओळीत 'बकरी' या शब्दाच्या आधी बारीक अक्षरात 'म्हातारी' असं लिहिलं, आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलं.